वाचकांचे प्रश्न : खाद्यपदार्थांत दडवलेले अमली पदार्थ प्रयोगशाळेत कसे ओळखतात?

ऑगस्ट २०२४ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात एका धर्मादाय संस्थेने गरजू कुटुंबांना दिलेल्या शिध्याबरोबर अननसाच्या स्वादाच्या गोळ्याही वाटल्या गेल्या. कोणीतरी दान दिलेल्या त्या गोळ्यांचे वेष्टन व्यवस्थित होते. ज्यांनी त्या तोंडात घातल्या त्यांना चव विलक्षण कडू लागली, आणि तपासणीअंती वेष्टनात मिठाई नसून मेथॅम्फेटामिन असल्याचे कळले. तपासलेल्या एका गोळीत ते सुमारे ३ ग्रॅम भरले. या घटनेविषयी या सदरात लिहिल्यानंतर बरीच पत्रे आली. बहुतेकांचा रोख असा आहे की खाद्यपदार्थात मिसळलेले अमली द्रव्य प्रयोगशाळेला सापडते कसे, आणि ते सापडल्याचे प्रयोगशाळा सांगते तेव्हा त्यावर कितपत विसंबावे. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : संशयित गोळी किंवा चॉकलेट प्रयोगशाळेत आल्यावर सर्वांत आधी काय केले जाते? ते थेट यंत्रात घालतात का? (एक शिक्षिका)

उत्तर : नाही. पहिले काही तास यंत्राचा संबंधही येत नाही. आलेल्या पाकिटावरची मोहोर शाबूत आहे का, सोबतच्या कागदांवरील वर्णन आतल्या वस्तूशी जुळते का, हे पाहून वस्तूचे छायाचित्र घेतले जाते आणि वजन नोंदवले जाते. तपासणीत वस्तूचा काही भाग संपणारच असतो. त्यामुळे मूळ स्थितीची नोंद आधी झाली नाही तर नंतर ती कधीच करता येत नाही. त्यानंतर साध्या डोळ्यांनी आणि सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण होते. वेष्टनाची चिकटपट्टी पुन्हा लावलेली आहे का, चॉकलेटच्या पृष्ठभागावर वेगळ्या रंगाचे स्फटिक आहेत का, बिस्किटात पानांचे तुकडे दिसतात का, मिठाईच्या पोटात पोकळी करून काही भरले आहे का, हे अनुभवी विश्लेषकाला पुष्कळदा येथेच दिसते.

या टप्प्यावर एक गोष्ट ठरते आणि पुढची सारी पद्धत तिच्यावर अवलंबून राहते. द्रव्य अन्नाच्या आत वेगळे ठेवलेले आहे, अन्नावर शिंपडलेले आहे, की अन्नात पूर्ण मिसळून गेलेले आहे? ऑकलंडच्या गोळ्यांत वेष्टन तेवढे मिठाईचे होते आणि आत जवळजवळ निव्वळ अमली द्रव्य होते. असे प्रकरण रसायनशास्त्राच्या दृष्टीने सोपे असते. खरी कसोटी लागते ती लोण्यात विरघळवून केकमध्ये भाजलेल्या किंवा जिलेटिनच्या गोळीत मुरवलेल्या द्रव्याच्या वेळी.

प्रश्न : चित्रपटांत अधिकारी कुपीत चिमूटभर पूड टाकतो, रंग बदलतो आणि लगेच निर्णय होतो. खाद्यपदार्थांसाठी ही चाचणी पुरेशी आहे का? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी)

उत्तर : पुरेशी नाही, आणि केवळ तिच्या आधारे कोणालाही दोषी धरले जाऊ नये असे माझे ठाम मत आहे.

रंगचाचण्या जुन्या आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध मार्क्विस चाचणी १८९६ सालची आहे. तिच्यात तीव्र सल्फ्युरिक आम्लात फॉर्मल्डिहाइड मिसळलेले असते. अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फिन, हेरॉइनसारख्या द्रव्यांशी हे द्रावण जांभळा रंग देते, तर ॲम्फेटामिन गटाशी नारिंगी ते तपकिरी. कोकेनसाठी कोबाल्ट थायोसायनेट वापरतात आणि निळा रंग शोधतात. गांजातील घटकांसाठी ड्युकेनॉइस चाचणी आहे. या चाचण्या स्वस्त आणि झटपट आहेत. हजार पाकिटांतून आधी कोणती उघडायची हे ठरवायला त्या फार उपयोगी पडतात, आणि त्यांचे काम एवढेच आहे.

अडचण अशी की मिठाई म्हणजे साखर, आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लात साखर स्वतःच करपून तपकिरी-काळी पडते. म्हणजे मार्क्विस चाचणीत मिठाईने दाखवलेला गडद रंग द्रव्याचाही असू शकतो आणि निव्वळ साखरेचाही. ड्युकेनॉइस चाचणीच्या द्रावणातच व्हॅनिलिन असते, जे चॉकलेट-केकमध्ये स्वादासाठी सर्रास घातले जाते. शिवाय काही वनस्पतिजन्य तेले आणि कॉफीचे काही प्रकारही या चाचणीत फसवा होकार देऊ शकतात. कोबाल्ट थायोसायनेटचा निळा रंग सर्दीच्या औषधांतील डायफेनहायड्रामिन किंवा भूल देण्यासाठी वापरले जाणारे लिडोकेनही देते. वर खाद्यरंगांनी मूळ रंगच झाकून टाकलेला असतो. उलट बाजूचा धोकाही तेवढाच खरा आहे. गोळीत मूठभर साखर आणि कणभर द्रव्य असेल तर रंग उमटणारच नाही, आणि त्या नकाराला काही अर्थ राहणार नाही.

प्रश्न : मग साखर, चरबी, रंग, पिठूळपणा यांच्या गर्दीतून ते थोडेसे द्रव्य वेगळे काढतात तरी कसे? (एक निवृत्त औषधनिर्माता)

उत्तर : आपल्या प्रश्नात या विषयाचे मर्म आले आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

या कामाचा पाया बेल्जियममध्ये घातला गेला. १८५० साली तेथील एका सरदाराच्या वाड्यात जेवणाच्या वेळी त्याच्या मेहुण्याचा मृत्यू झाला. तंबाखूतील निकोटिन पाजून त्याला मारल्याचा संशय होता. पण मृताच्या शरीरातून वनस्पतिजन्य विष वेगळे काढण्याची खात्रीची रीत तोवर कोणाला ठाऊक नव्हती. झां सेर्व्हे स्तास या रसायनशास्त्रज्ञाने अवयव आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये मुरवून गाळले, गाळीव द्रव अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा, केला आणि ईथरने ढवळला. निकोटिन ईथरमध्ये उतरले आणि पुढच्या वर्षी आरोपी असलेल्या त्या सरदाराला, बोकार्मेला, मृत्युदंड झाला. यामागचे तत्त्व साधे आहे. मॉर्फिन, कोकेन, मेथॅम्फेटामिन यांसारखी बहुतेक अमली द्रव्ये स्वभावाने आम्लारी, म्हणजे अल्कधर्मी, असतात. आम्लात ती क्षाररूपाने पाण्यात जातात. द्रव अल्कधर्मी केला की पाणी सोडून सेंद्रिय द्रावकात जातात. साखर दोन्ही वेळा पाण्यातच राहते. चरबी पहिल्याच पायरीला द्रावकाबरोबर बाजूला काढता येते. ही दुहेरी चाळणी आजही प्रयोगशाळांत नव्या रूपांत वापरली जाते.

गांजातील टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी, मात्र या चाळणीत बसत नाही. ते आम्लारी नाही आणि स्वतःच चरबीत विरघळते, म्हणून चरबी टाकायला जावे तर तेही निघून जाते. अशा वेळी मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइलसारख्या द्रावकात नमुना काढून तो गोठवतात. चरबीचा मोठा भाग घट्ट होऊन तळाशी बसतो आणि टीएचसी वरच्या द्रवात राहते. फळे-भाज्यांतील कीटकनाशकांचे अंश शोधण्यासाठी २००३ साली प्रसिद्ध झालेली क्वेचर्स ही पद्धतही आता या कामी घेतात. तिच्यात ॲसिटोनायट्राइल आणि मीठ टाकून नमुना हलवतात, आणि मग साखर, मेदाम्ले, रंगद्रव्ये शोषून घेणाऱ्या पुडीने द्रव स्वच्छ करतात.

चॉकलेट हा पदार्थ विशेष त्रासदायक आहे. २०१९ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात मांडलेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की एकाच चॉकलेटचा २ ग्रॅमऐवजी १ ग्रॅम नमुना घेतला तर टीएचसीचे प्रमाण अधिक आणि अधिक अचूक मिळते. नमुना वाढवला की उत्तर सुधारेल, ही आपली सहज समजूत येथे उलटी ठरली, कारण चॉकलेटमधील घटकच मोजणीत अडथळा आणत होते. जिलेटिनच्या गोळ्यांची तऱ्हा आणखी वेगळी असते. त्या चिकट आणि लवचीक असल्याने कुटल्या जात नाहीत. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून काचेसारख्या ठिसूळ कराव्या लागतात किंवा कोमट पाण्यात विरघळवाव्या लागतात. म्हणून चांगली प्रयोगशाळा तशाच, पण द्रव्यविरहित पदार्थाचा कोरा नमुना शेजारी घेते आणि त्याच पायऱ्यांतून नेते. कोऱ्या नमुन्यात माहीत असलेले प्रमाण मिसळून ते परत किती मिळते हेही तपासते. हे केले नसेल तर पुढच्या महागड्या यंत्रांतून आलेल्या आकड्याला माझ्या लेखी फारसे मोल नाही.

प्रश्न : वायू क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमान वर्णपट ही नावे नेहमी वाचनात येतात. ही यंत्रे नेमके काय सांगतात? ती चुकू शकतात का? (एक वकील)

उत्तर : पहिले यंत्र मिश्रण वेगळे करते. द्रावाची वाफ करून ती काही दशक मीटर लांबीच्या केसासारख्या बारीक नळीतून वाहवली जाते आणि प्रत्येक घटक आपापल्या वेळी नळीच्या टोकाशी पोचतो. दुसरे यंत्र त्या क्षणी येणाऱ्या रेणूंवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून ते फोडते आणि तुकड्यांची वस्तुमाने मोजते. कोकेनचा रेणू ३०३ वस्तुमानाचा आहे आणि फुटल्यावर १८२ व ८२ हे ठळक तुकडे देतो. टीएचसी ३१४ चे असून २९९ आणि २३१ हे तुकडे दाखवते. पोचण्याची वेळ आणि तुकड्यांची ही ठेवण, दोन्ही त्याच दिवशी त्याच यंत्रावर चालवलेल्या प्रमाणित शुद्ध द्रव्याशी जुळल्या, तरच ओळख पटली असे म्हणता येते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की यंत्र जे मोजते ते बहुधा बरोबर मोजते. चूक होते ती त्याचा अर्थ लावताना. कॅनाबिडिऑल हा गांजाच्या वनस्पतीतील नशा न आणणारा घटकही ३१४ वस्तुमानाचाच आहे, आणि त्याच्या वर्णपटातही २३१ हा तुकडा ठळक असतो. मेथॅम्फेटामिन आणि भूक कमी करण्यासाठी डॉक्टर देतात ते फेंटरमाइन, दोघांचे रेणुसूत्र सारखेच, वस्तुमान १४९ आणि सर्वांत ठळक तुकडा ५८. केवळ तुकड्यांच्या यादीकडे पाहून घाईने शिक्का मारणारा विश्लेषक येथे एखाद्या रुग्णाला गुन्हेगार ठरवू शकतो. नळीतून पोचण्याची वेळ मात्र दोघांची वेगळी असते, म्हणून ती पाहणे अनिवार्य आहे.

वकिलांनी अवश्य विचारावा असा दुसरा मुद्दा उष्णतेचा आहे. वायू क्रोमॅटोग्राफीत नमुना अडीचशे अंशांच्या आसपास तापवला जातो आणि त्या तापात काही द्रव्ये स्वतःच बदलतात. ताज्या वनस्पतीत टीएचसी बहुतांशी आम्लरूपात असते. तापवल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटून टीएचसी बनते. म्हणजे यंत्राने दाखवलेल्या टीएचसीपैकी किती मूळ पदार्थात होते आणि किती यंत्रात तयार झाले, हे या पद्धतीने सांगता येत नाही. म्हणून दोन्ही रूपे वेगवेगळी मोजायची असतील तर नमुन्याची वाफ न करता द्रवातच घटक वेगळे करणारी द्रव क्रोमॅटोग्राफी वापरतात, आणि एकूण टीएचसी काढताना आम्लरूपाचे वजन ०.८७७ ने गुणून मिळवतात. सुटून जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब त्या आकड्यात आहे. मादक अळिंब्यांतील सिलोसायबिनचेही तसेच. तापवल्यावर त्याचा फॉस्फेट गट निघून जातो आणि यंत्रात दिसते ते सिलोसिन. अळिंबी घातल्याचा संशय असलेल्या चॉकलेटचा अहवाल केवळ वायू क्रोमॅटोग्राफीवर आधारलेला असेल, तर त्यातील सिलोसिन मुळात होते की यंत्रात झाले, हा प्रश्न रास्त आहे.

प्रमाण मोजण्यासाठी आणखी एक सुंदर युक्ती वापरतात. ज्या द्रव्याचा शोध घ्यायचा त्याचेच, पण हायड्रोजनच्या काही अणूंच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचेच जड रूप, बसवलेले जुळे रूप, ठरावीक मात्रेत सुरुवातीलाच नमुन्यात मिसळतात. गाळताना, गोठवताना, शुद्ध करताना मूळ द्रव्याचा जेवढा हिस्सा वाया जाईल जवळजवळ तेवढाच हिस्सा या जुळ्याचाही जातो, आणि वस्तुमानातील फरकामुळे यंत्र दोघांना वेगळे ओळखते. त्यामुळे शेवटी उरलेल्या दोघांच्या गुणोत्तरावरून सुरुवातीचे प्रमाण काढता येते. चॉकलेटसारख्या पदार्थाने घातलेला बराचसा गोंधळ यामुळे निस्तरतो.

प्रश्न : विमानतळांवर क्ष-किरण यंत्रे आणि श्वान असताना प्रयोगशाळेची गरजच काय? (एक वाचक)

उत्तर : ती दोन्ही साधने संशय उत्पन्न करतात, पुरावा देत नाहीत. सामान तपासणाऱ्या क्ष-किरण यंत्राला घनता आणि अणुक्रमांकाचा अंदाज येतो, आणि कोकेन काय किंवा पीठ-साखर काय, कार्बन-हायड्रोजन-ऑक्सिजनचे असल्याने पडद्यावर जवळपास सारख्याच रंगात दिसतात. श्वानाला पुष्कळदा द्रव्याचा नव्हे, तर त्यापासून सुटणाऱ्या वाफेचा वास येतो. कोकेनच्या बाबतीत ती वाफ मुख्यतः मिथाइल बेंझोएटची असते.

प्रश्न : खसखस लावलेला पाव खाल्ल्याने चाचणीत अफूजन्य द्रव्य दिसते असे ऐकले. ते खरे असेल, तर अन्नात मुद्दाम मिसळलेले आणि नकळत आलेले यांत प्रयोगशाळा फरक कसा करते? (एक गृहिणी)

उत्तर : होय, ते खरे आहे. खसखशीच्या दाण्यात मॉर्फिन जवळजवळ नसते. पण बोंड फोडताना त्याचा चीक दाण्यांना बाहेरून लागतो आणि त्यात मॉर्फिन व कोडीन असतात. धुण्याने आणि भाजण्याने ते बरेच कमी होते, पण पूर्ण जात नाही. युरोपीय संघाने २०२१ मध्ये नियम करून जुलै २०२२ पासून यावर मर्यादा लागू केली. खसखशीसाठी किलोमागे २० मिलिग्रॅम आणि ती घातलेल्या बेकरीच्या पदार्थांसाठी १.५ मिलिग्रॅम, अशी ती मर्यादा आहे, आणि हिशेबात मॉर्फिनबरोबर कोडीनचा पाचवा हिस्साही धरला जातो.

नकळत आलेल्या अंशाच्या ओळखीत प्रमाण हा पहिला धागा आहे. मिलिग्रॅममध्ये मोजावा लागणारा अंश आणि ग्रॅममध्ये भरणारा साठा यांत गोंधळ होण्याचे कारण नाही. सोबतचे घटक हा दुसरा धागा. नैसर्गिक चिकाबरोबर थिबेनसारखी इतर अल्कलॉइडही (वनस्पतीत तयार होणारी आम्लारी द्रव्ये) येतात, तर कारखान्यात शुद्ध केलेले मॉर्फिन एकटे असते. हेरॉइन मिसळले असेल तर हेरॉइन स्वतः किंवा त्याच्या विघटनातून होणारे मोनोॲसिटिलमॉर्फिन सापडते, आणि ते खसखशीतून कधीही येत नाही. माणसाच्या लघवीच्या तपासणीतही हाच घटक निर्णायक ठरतो. अमेरिकेत नोकरदारांच्या तपासणीसाठी अफूजन्य द्रव्यांची सीमा १९९८ मध्ये मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० नॅनोग्रॅम करण्यात आली, त्यामागे खसखस खाणाऱ्या निरपराध माणसांना वाचवणे हे एक प्रमुख कारण होते. मला ही दुरुस्ती फार मोलाची वाटते. अधिकाधिक सूक्ष्म अंश शोधता येणे ही यंत्राची प्रगती झाली. सीमा कोठे आखायची हे माणसाने विचारपूर्वक ठरवावे लागते.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीच्या पेयात कोणीतरी काहीतरी मिसळले असावे अशी शंका आहे. दुसऱ्या दिवशी तिला मधले काही तास आठवत नव्हते. अशा वेळी तपासणी शक्य असते का? (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : शक्य असते, पण वेळ फार थोडा मिळतो, म्हणून आधी काय करावे ते सांगतो. असे पुन्हा कोणाच्याही बाबतीत घडल्यास प्रथम रुग्णालयात जावे आणि तेथे रक्त व लघवीचे नमुने शक्य तितक्या लवकर द्यावेत. पहिली लघवी वाया घालवू नये. पेयाचा उरलेला घोट, पेला, बाटली, काहीही धुऊ नये. झाकण लावून थंड जागी ठेवावे आणि पोलिसांकडे सोपवावे. पेल्याच्या तळाशी राहिलेले काही थेंबही प्रयोगशाळेला पुरतात.

घाई यासाठी की अशा प्रकारांत वापरले जाणारे गॅमा हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल, म्हणजे जीएचबी, रक्तातून काही तासांतच नाहीसे होते आणि लघवीतही सुमारे १२ तासांनंतर वेगळे ओळखता येत नाही. शिवाय ते आपल्या शरीरात निसर्गतः अल्प प्रमाणात असतेच. वाइनमध्येही लिटरला काही मिलिग्रॅम आढळते. त्यामुळे ते सापडण्यापेक्षा किती सापडले हे महत्त्वाचे ठरते. लघवीसाठी लिटरला १० मिलिग्रॅम ही सीमा सर्वसाधारणपणे धरली जाते. पेयात हे आम्ल आणि त्यातून पाण्याचा रेणू निघून होणारे त्याचे लॅक्टोन रूप एकमेकांत बदलत राहतात, आणि वायू क्रोमॅटोग्राफीच्या तापातही आम्लाचे लॅक्टोन होते. म्हणून नमुन्यावर आधी रासायनिक प्रक्रिया करून आम्ल स्थिर करतात किंवा द्रव क्रोमॅटोग्राफी वापरतात. झोप आणणाऱ्या फ्लुनिट्राझेपामसारख्या औषधांचे अंश मात्र लघवीत काही दिवस टिकतात. तेव्हा एक-दोन दिवस गेले तरी नमुना देण्यात अर्थ आहे. आपल्या मैत्रिणीला एवढे अवश्य सांगा की अहवाल नकारार्थी आला तर त्याचा अर्थ काही घडले नाही असा होत नाही. उशिरा घेतलेल्या नमुन्याबद्दल प्रयोगशाळा फक्त इतकेच म्हणू शकते की त्या वेळी काही उरले नव्हते.

प्रश्न : जप्त केलेल्या हजार गोळ्यांपैकी सगळ्या तपासतात का? आणि शिक्षा गोळीच्या वजनावर होते की आतल्या द्रव्याच्या? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी)

उत्तर : सगळ्या तपासणे व्यवहार्य नसते, म्हणून संख्याशास्त्राचा आधार घेतात. दिसायला सारख्या असलेल्या मोठ्या साठ्यातून यादृच्छिकपणे ५ गोळ्या काढल्या आणि पाचही होकारार्थी निघाल्या, तर निम्म्याहून अधिक साठ्यात द्रव्य आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. नव्वद टक्के साठ्याबद्दल तेच म्हणायचे असेल तर सुमारे २९ गोळ्या तपासाव्या लागतात. मात्र अट अशी की गोळ्या खरोखर एकाच प्रकारच्या असाव्यात; रंग, आकार, वेष्टन वेगळे दिसले की प्रत्येक गटाचे नमुने स्वतंत्र घ्यावे लागतात.

खाद्यपदार्थात आणखी एक गुंता असतो. घरगुती पद्धतीने केलेल्या केकच्या एका तुकड्यात द्रव्य भरपूर असते तर शेजारच्यात नावालाच, कारण ते पिठात नीट ढवळले गेलेले नसते. कोपऱ्यातला तुकडा तपासून अख्ख्या केकबद्दल बोलणे चुकीचे ठरेल. पूर्ण नमुना दळून एकजीव करावा आणि मगच त्यातून भाग घ्यावा. अशा पदार्थातून होणाऱ्या विषबाधांचे एक कारणही हेच असमान मिश्रण आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देशोदेशीच्या कायद्यांनुसार बदलते. काही ठिकाणी मिश्रणाचे पूर्ण वजन धरतात, काही ठिकाणी शुद्ध द्रव्याचे. अर्धा किलोच्या केकमध्ये अर्धा ग्रॅम द्रव्य असेल तर या दोन रीतींत हजारपटीचा फरक पडतो. म्हणून प्रयोगशाळेने दोन्ही आकडे द्यावेत, आणि कोणता लागू करायचा हे न्यायालयावर सोडावे.

प्रश्न : यंत्राच्या संग्रहात नसलेले नवे द्रव्य आले तर? (एक संशोधक विद्यार्थी)

उत्तर : ही आजची सर्वांत कठीण बाब आहे. २०२४ साली अमेरिकेत अळिंबीयुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चॉकलेट व गोळ्यांमुळे अनेक लोक आजारी पडले. तेथील अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीत त्यांत मस्सिमॉल हे वेगळ्या जातीच्या अळिंबीतील द्रव्य, सिलोसिनचे कृत्रिम ॲसिटिल रूप, प्रीगॅबालिन हे नसांच्या दुखण्यावरचे औषध अशी एकमेकांशी संबंध नसलेली द्रव्ये आढळली, आणि तीही सर्व नमुन्यांत सारखी नव्हती. केवळ अपेक्षित द्रव्य शोधणारी चाचणी अशा ठिकाणी अपुरी पडते. तेव्हा रेणूचे वस्तुमान चार दशांश स्थळांपर्यंत मोजणारी यंत्रे वापरून आधी रेणुसूत्राचा अंदाज बांधतात. त्यानंतर द्रव्य पुरेसे शुद्ध करून आण्विक चुंबकीय अनुनादाने अणूंची प्रत्यक्ष मांडणी ठरवतात. याला दिवस किंवा आठवडे लागू शकतात, आणि त्या काळात रुग्णालयांना कच्ची माहिती तरी कळवणे मला अत्यावश्यक वाटते.

प्रश्न : माझ्या भावाकडे सापडलेल्या मिठाईचा अहवाल ‘होकारार्थी’ असा एका ओळीत आला आहे. आम्ही सामान्य माणसांनी त्यावर काय विचारावे? (एक वाचक)

उत्तर : आपण आधी वकिलांमार्फत पूर्ण अहवाल आणि त्यामागच्या नोंदी मागा, एका ओळीवर समाधान मानू नका. त्यात कोणत्या पद्धती वापरल्या ते पाहा. या विषयावर १९९७ पासून काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने पद्धतींचे तीन वर्ग केले आहेत. वस्तुमान वर्णपट, अवरक्त वर्णपट यांसारख्या रेणूची रचना दाखवणाऱ्या पद्धती पहिल्या वर्गात आहेत आणि रंगचाचण्या तिसऱ्यात. पहिल्या वर्गातील एक पद्धत आणि तिच्या जोडीला निदान एक वेगळी पद्धत, ही किमान अपेक्षा आहे. फक्त रंगचाचणी झाली असेल तर निश्चिती करणाऱ्या तपासणीची मागणी करणे हा आपला रास्त आग्रह आहे.

मग विचारा की तशाच पण स्वच्छ मिठाईचा कोरा नमुना सोबत तपासला होता का, प्रमाणित द्रव्याशी तुलना त्याच दिवशी केली होती का, दुसऱ्या विश्लेषकाने निष्कर्ष तपासला का, आणि प्रयोगशाळेला आयएसओ १७०२५ ही मान्यता या पद्धतीसाठी आहे का. मोहोरबंद पाकीट कोणाकडून कोणाकडे कधी गेले याची अखंड नोंदही पाहा. हे प्रश्न विचारणे म्हणजे प्रयोगशाळेवर अविश्वास दाखवणे नव्हे. प्रामाणिक विश्लेषकाकडे त्यांची उत्तरे कागदावर तयार असतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका विश्लेषिकेने नमुने न तपासताच अहवाल दिल्याचे २०१२ मध्ये उघड झाले आणि २०१७ मध्ये तेथील २१ हजारांहून अधिक प्रकरणांतील दोषसिद्धी रद्द कराव्या लागल्या. तिच्या टेबलावरून गेलेल्या नमुन्यांची संख्या इतरांच्या कितीतरी पट होती, तरीही वर्षानुवर्षे तिच्या कामाच्या मूळ नोंदी कोणी नीट तपासल्या नाहीत.

उरलेला नमुना नष्ट होण्याआधी, दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत फेरतपासणीसाठी अर्ज करण्याची मुदत किती आहे, हेही वकिलांना आजच विचारा. खाद्यपदार्थ नाशवंत असतो आणि नीट न साठवल्यास त्यातील द्रव्येही विघटन पावतात. तेव्हा नमुना कोठे आणि किती तापमानात ठेवला आहे याची लेखी विचारणा त्याच अर्जात करावी.